मनोहरभाई पटेल

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला गोंदिया जिल्हा आहे. या जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, गाढवी नदीला अडवून एक मातीचे धरण उभे आहे. तेच इटियाडोह धरण होय. ते सुमारे ३० मीटर उंच आणि ५०५ मीटर लांब आहे. या धरणाचा विषय निघाला, की मनोहरभाई पटेल यांचे नाव आदराने घेतले जाते. गोंदिया शहरातील महाविद्यालयांचा विषय निघाला, तरी हेच नाव पुढे येते. धरण आणि महाविद्यालय या गोष्टी वरवर पाहता अगदी भिन्न. पण मनोहरभाईंच्या दृष्टीने त्या एकाच कार्याच्या दोन बाजू होत्या.

मनोहरभाईंचा जन्म ९ फेब्रुवारी १९०६ रोजी गुजरातेत झाला. उपजीविकेसाठी ते लहान वयातच गोंदियास आले. त्यांना स्वतःला फारसे शालेय शिक्षण मिळाले नाही. बिडीच्या व्यवसायात पडेल ते कष्ट करून त्यांनी जम बसवला आणि पुढे ते मोठे व्यावसायिक झाले. परंतु ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिचे ऋण ते विसरले नाहीत. गोंदिया नगरपालिकेचे अध्यक्षपद आणि विधानसभेचे सदस्यत्व त्यांना लाभले. या अधिकाराचा उपयोग त्यांनी लोकांच्या कामासाठी केला.

त्या काळी गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. हा मुलूख धानाचा. येथील पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले होते. पण तेही पावसाच्या पाण्यावरच भरत. ऐन रोवणीच्या दिवसांत पावसाने दडी मारली, की बांध्या कोरड्या पडत आणि धानाची रोपे माना टाकत. पीक बुडाले, की घरातील माणसे मजुरीला जात, बिड्या वळीत, आणि मुले पाटी बाजूला ठेवून गुरांमागे रानात जात. एखादा हुशार मुलगा शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालाच, तरी महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्याला सुमारे १३० किलोमीटर दूर नागपूर गाठावे लागे. तेथील खर्च शेतकऱ्याला कसा परवडावा?

मनोहरभाईंनी ही अडचण ओळखली. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेने खेड्यापाड्यांत माध्यमिक शाळा उघडल्या. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांची मुले आता घरची भाकरी बांधून महाविद्यालयात जाऊ लागली. ज्याला स्वतः शिकता आले नाही, त्याने हजारोंना शिक्षणाचे दार उघडून दिले!

पण दार उघडले म्हणून रिकाम्या पोटी त्यातून कोण आत जाणार? शेतात पाणी आले तरच घरात धान्य येईल, आणि घरात धान्य असेल तरच मूल शाळेत टिकेल, हे मनोहरभाई जाणून होते. म्हणून इटियाडोह आणि बाघ नदीवरील पुजारीटोला या धरणांसाठी त्यांनी शासनाकडे नेटाने पाठपुरावा केला. धरण बांधणे हे एकट्याचे काम नव्हे. अभियंत्यांनी आपले ज्ञान त्यात वेचले, मजुरांनी घाम गाळला, आणि ज्यांची जमीन जलाशयाखाली गेली त्यांनी तर सर्वांत मोठा त्याग केला. तेव्हा कुठे कालव्यांतून पाणी वाहू लागले.

१९७० मध्ये इटियाडोह धरण पूर्ण झाले. त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी मनोहरभाईंनी जगाचा निरोप घेतला. त्या पाण्याने हिरवीगार झालेली शेते डोळे भरून पाहण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. आज इटियाडोहचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील शेतीला मिळते. दरवर्षी ९ फेब्रुवारीला गोंदियात त्यांची जयंती साजरी होते आणि गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. त्या पदकांनी त्यांची आठवण राहतेच. पण रोवणीच्या वेळी कालव्याचे पाणी ज्या बांधीत पोहोचते आणि त्या घरचे मूल ज्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत जाते, त्या दिवशी मनोहरभाईंचे खरे स्मरण होते.