भाषणासाठी एक नाव : बाबू हरदास एल. एन.

११ एप्रिल, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, ३ जानेवारी या तारखा जवळ आल्या की आमच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात भाषणांचे पाठांतर सुरू होते. तथागत, जोतिराव, सावित्रीमाई, बाबासाहेब यांच्यावर विद्यार्थी बोलतात आणि त्यांनी बोललेच पाहिजे. मात्र एकाच मंचावरून तीच वाक्ये सातव्यांदा कानी पडली की पुढल्या रांगेतील लहान मुले चुळबुळ करू लागतात. अशा वेळी वेगळे नाव मागणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही विदर्भाच्या मातीतील माणसे सुचवितो. ओझी वाहता वाहता शिकून नागपुरात मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी, मोहप्याचे किसन फागूजी बनसोड आणि सर्वांत आग्रहाने कामठीचे बाबू हरदास.

हरदासांचे नाव आपल्या समाजाला ठाऊक आहे. परस्परांना 'जयभीम' म्हणण्याचा प्रघात त्यांनी पाडला, एवढे प्रत्येक जण सांगतो आणि तेथेच थांबतो. मुसलमान बांधवांच्या सलामाला जसे ठरलेले उत्तर असते, तसे आपल्यातही असावे म्हणून 'जयभीम'ला 'बलभीम' असे उत्तर द्यावे, ही त्यांची मूळ कल्पना असल्याचे सांगतात. उत्तराचा शब्द मागे पडला, अभिवादन मात्र घराघरांत रुजले. एका शब्दाने मिळालेल्या या कीर्तीने त्यांचे उरलेले आयुष्य झाकून टाकले, असे आमचे मत आहे. इतिहासात असे पुष्कळदा घडते.

त्यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठी येथे झाला. वडील लक्ष्मणराव नगराळे रेल्वेत कारकून होते, 'एल. एन.' ही आद्याक्षरे त्यांच्याच नावाची. नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलातून हरदास मॅट्रिक झाले. आर्य समाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडे ते संस्कृत शिकले. ज्या भाषेचे दार आपल्या माणसांना शतकानुशतके बंद होते, ती भाषा या मुलाने हट्टाने शिकून घेतली. १९२१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी 'महारठ्ठा' नावाचे साप्ताहिक सुरू केले. आमच्या शाळेतील बारावीच्या मुलांचे वय तेवढेच असते. पुढल्याच वर्षी त्यांनी 'महार समाज' ही संघटना उभारली आणि तरुणांचे स्वयंसेवक पथक बांधले. वस्तीवर अत्याचार झाल्यास धावून जाणे हे पथकाचे काम. स्त्रियांसाठी त्यांनी महिला आश्रम काढला. अंधश्रद्धेवर प्रहार करणारे 'मंडळ महात्म्य' हे पुस्तक १९२४ चे. पोटजातींचे भेद त्यांना अमान्य होते, म्हणून चोखामेळ्याच्या पुण्यतिथीस ते दरवर्षी सहभोजन घडवीत.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते. त्याच वर्षी कामठीत हरदासांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने रात्रशाळा सुरू केल्या. तेथे ८६ मुले आणि २२ मुली शिकत होत्या. या २२ च्या आकड्यापाशी आम्ही वर्गात नेहमी थांबतो. दिवसभर राबून आलेल्या घरातील मुलगी, अंधार पडल्यावर, शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तीतून पाटी घेऊन निघते. तिला पाठविणाऱ्या आईबापांचा संचालकांवर किती विश्वास असेल! आपल्या लेकी लाखांदूरच्या वसतिगृहात ठेवणाऱ्या पालकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच सुमारास कामठीत संत चोखामेळा वाचनालयही उघडले. नुसती अक्षरओळख करून देऊन भागत नाही, वाचायला पुस्तक हाती लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या भागाशी त्यांचे सर्वांत जवळचे नाते मात्र बिडीचे. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडायचा, घरी पुडे बांधायचे आणि सायंकाळी फळीवर मोजून द्यायचे, हे काम भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या असंख्य कुटुंबांनी केले आहे. त्याच पानांच्या बिड्या वळणाऱ्यांत आपले लोक, विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने होत्या. मजुरी हजार बिड्यांमागे. त्यातही काही बिड्या खराब ठरवून बाजूला काढल्या की तेवढे श्रम फुकट. हरदासांनी प्रथम सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करून पाहिले, पुढे बिडी मजुरांची संघटना बांधली. जातीचा अपमान आणि पोटाची लूट या एकाच अन्यायाच्या दोन बाजू आहेत, ही समज त्यांच्या कामात दिसते. भाषण करणाऱ्याने या भागाला अधिक वेळ द्यावा.

राजकारणात ते बाबासाहेबांचे निष्ठावंत अनुयायी होते. अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी गांधीजी की बाबासाहेब, हा वाद गोलमेज परिषदेच्या काळात पेटला, तेव्हा हरदासांनी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना तार केली आणि इतर पुढाऱ्यांकडूनही तारा करविल्या. अशा ३२ तारा गेल्याची नोंद आहे. देवळांविषयी त्यांचे धोरण थोडे गुंतागुंतीचे होते. १९२७ साली रामटेक येथे किसन फागूजींच्या अध्यक्षतेखालील सभेत त्यांनी मूर्तिपूजा आणि अंबाळा तलावातील स्नान सोडण्याचे आवाहन केले, तरी १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहासाठी कार्यकर्त्यांची तुकडी नाशिकला पाठविली. काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. देवाची गरज नाही म्हणणाराही माणसाला दारात अडविण्याविरुद्ध लढू शकतो.

१९३७ च्या निवडणुकीत ते नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या प्रांतिक कामाची धुरा त्यांच्याकडे आली. परंतु क्षयरोगाने शरीर पोखरले होते. १२ जानेवारी १९३९ रोजी, पस्तिशी पूर्ण करून सहाच दिवस झालेले असताना, त्यांचे निधन झाले. पंधरा वर्षांनी, १९५४ साली, बाबासाहेब भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या प्रचारात हरदास पन्नाशीचे असते. एका माणसाने निकाल बदलला असता असे इतिहासाचा अभ्यासक म्हणणार नाही; पण बिडी मजुरांच्या वस्त्यांत जाणारा तो माणूस त्या वेळी नव्हता, एवढे आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो.

त्यांची समाधी कामठीजवळ कन्हान नदीच्या काठी आहे. कन्हानचे पाणी पुढे वैनगंगेला मिळते आणि आपल्या तालुक्याच्या कडेने वाहत जाते. हरदासांवर बोलू इच्छिणाऱ्या मुलाने शक्य झाल्यास तेथे जाऊन यावे. जाणे न जमल्यास सुटीत घरी गेल्यावर आजीला विचारावे : पुडा किती पानांचा बांधायची, हजार बिड्यांना काय मिळायचे, त्यांतल्या किती परत यायच्या. मिळालेली उत्तरे वहीत लिहून आणावीत आणि भाषण त्यांनीच सुरू करावे.