क्लाइड टॉम्बो: शेतातल्या दुर्बिणीपासून प्लुटोपर्यंत

दुर्बिणीच्या आयपीसवर फोन धरून गुरू किंवा शनीचा फोटो काढणारे आता बरेच जण दिसतात. एक छोटा व्हिडिओ घ्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, की ग्रहावरचे पट्टे उठून दिसतात. यातलं काहीच नसताना अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने घरी बनवलेल्या दुर्बिणीतून हेच काम हाताने केलं. त्याचं नाव क्लाइड टॉम्बो. प्लुटो शोधणारा तो हाच.

गारपिटीने अडवलेलं कॉलेज

क्लाइडचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा, इलिनॉय राज्यातला. पुढे हे कुटुंब कॅन्ससमध्ये बर्डेट गावाजवळ शेती करायला गेलं. काकांच्या दुर्बिणीतून आकाश बघून त्याला नाद लागला होता. पण गारपिटीने उभं पीक झोडपलं आणि कॉलेजला जायचा बेत बारगळला. मग त्याने शेतात राबत राबतच गणित आणि खगोलशास्त्र वाचायला घेतलं.

बाजारातली चांगली दुर्बीण परवडणारी नव्हती. म्हणून १९२६ पासून तो स्वतःच दुर्बिणी बनवू लागला. आरसा घासायचा हातानेच. पण त्याचा आकार बरोबर आलाय का, हे तपासायला स्थिर हवा आणि एकसारखं तापमान लागतं. यासाठी पठ्ठ्याने कुदळ-फावडं घेऊन सुमारे २४ फूट लांबीचं भुयार खोदलं. घरच्यांनी ते तळघर म्हणूनही वापरलं.

१९२८ मध्ये त्याची ९ इंची दुर्बीण तयार झाली. तिच्यात १९१० सालच्या ब्यूक मोटारीचा क्रँकशाफ्ट होता आणि दुधाची साय वेगळी करणाऱ्या जुन्या यंत्राचे भागही.

फोटो नाही, चित्र!

या दुर्बिणीतून क्लाइड गुरू आणि मंगळ बघायचा आणि कागदावर त्यांची चित्रं काढायचा. फोटो का नाही? कारण वातावरण सतत हलत असतं, त्यामुळे ग्रहाची प्रतिमा थरथरते. तेव्हाच्या फिल्मला एक्सपोजर जास्त वेळ द्यावं लागे आणि तेवढ्यात बारीक खुणा पुसट व्हायच्या. डोळा मात्र हवा क्षणभर स्थिर झाली की नेमकं तेवढंच टिपतो.

आज तुमचं सॉफ्टवेअर वेगळं काय करतं? व्हिडिओतल्या हजारो फ्रेम तपासून स्पष्ट तेवढ्या निवडतं आणि एकावर एक रचतं. यालाच स्टॅकिंग म्हणतात. क्लाइडच्या बाबतीत फ्रेम निवडायचे डोळे आणि स्टॅकिंग करायचा हात!

ही चित्रं त्याने ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेला पाठवली. हेतू एवढाच, की जाणकारांनी बघून काय ते सांगावं. वेधशाळेला तेव्हा नव्या फोटोग्राफिक दुर्बिणीवर रात्रभर काम करणारा माणूस हवा होता. चित्रं पाहून त्यांनी थेट नोकरीचं विचारलं. जानेवारी १९२९ मध्ये तो फ्लॅगस्टाफला पोचला. वय २२, हातात पदवी नाही.

दोन फोटो, एक हललेला ठिपका

वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक ग्रह असावा असं वाटायचं. ते १९१६ मध्ये वारले, शोध अर्धवट राहिला. तो आता क्लाइडकडे आला.

काम सांगायला सोपं होतं. आकाशाच्या एकाच भागाचे काही दिवसांच्या अंतराने दोन फोटो काचेच्या प्लेटवर घ्यायचे. मग ब्लिंक कंपॅरेटर नावाच्या यंत्रात ते आलटून पालटून बघायचे. गॅलरीत दोन सारखे फोटो पुढे-मागे स्वाइप करून फरक शोधावा, तसंच. तारे जागेवर राहतात. जो ठिपका उडी मारतो तो ग्रह किंवा लघुग्रह. जवळचा लघुग्रह जास्त सरकतो, लांबचा ग्रह अगदी थोडा.

काम करायला मात्र जीव काढणारं होतं. एकेका प्लेटवर लाखो तारे असायचे. क्लाइड महिनोन् महिने त्यातच होता. १८ फेब्रुवारी १९३० च्या दुपारी २३ आणि २९ जानेवारीच्या प्लेट बघताना मिथुन राशीतला एक फिकट ठिपका किंचित सरकलेला दिसला. इतका कमी, की तो नेपच्यूनच्याही पलीकडचा असणार. १३ मार्चला घोषणा झाली. प्लुटो हे नाव ऑक्सफर्डच्या ११ वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने सुचवलं.

हुकलेलं कॉलेज त्यानंतर आलं. १९३२ मध्ये क्लाइड कॅन्सस विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १९३६ मध्ये पदवीधर झाला.

म्हातारपणीही तीच दुर्बीण

दुसऱ्या महायुद्धानंतर टॉम्बो यांनी व्हाइट सँड्स इथे उडत्या रॉकेटचा माग ठेवणाऱ्या कॅमेरा-दुर्बिणींवर काम केलं. मग न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात ग्रहांच्या नियमित फोटोग्राफीचा कार्यक्रम उभा केला. १९७३ मध्ये निवृत्त झाल्यावरही घराच्या अंगणातून निरीक्षण चालूच होतं. स्मिथसोनियन संग्रहालयाने जुनी ९ इंची दुर्बीण मागितली, तेव्हा आपण ती अजून वापरतोय म्हणून त्यांनी नकार दिला!

१७ जानेवारी १९९७ रोजी ते गेले. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्लुटोला बटुग्रह ठरवण्यात आलं. पण त्याआधीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, न्यू होरायझन्स यान तिकडे निघालं होतं. त्यात टॉम्बो यांची थोडी रक्षा ठेवलेली होती. १४ जुलै २०१५ ला ते प्लुटोजवळून गेलं आणि तिथल्या हृदयाच्या आकाराच्या फिकट प्रदेशाचे फोटो आपल्या फोनवर आले. त्या प्रदेशाचं नाव आता टॉम्बो रेजिओ आहे.

प्लुटो आपल्या छोट्या दुर्बिणीत दिसणार नाही. गुरूचे पट्टे आणि शनीची कडी मात्र नक्की दिसतील. फोटो घ्याल तेव्हा तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पुढे मागे तोच फोटो दुसऱ्या फोटोशेजारी ठेवून बघायची वेळ येऊ शकते.