थोरले शाहू छत्रपती आणि त्यांचा खंड्या

सातारा शहरापासून थोडे पूर्वेस गेले म्हणजे कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम लागतो. हेच क्षेत्र संगम माहुली. तेथे थोरल्या शाहू छत्रपतींची समाधी आहे आणि एका कुत्र्याची पाषाणमूर्तीही आहे. राजाच्या शेजारी कुत्रे कशाला, असे नवखा माणूस विचारतो. त्याचे उत्तर महाराजांच्या चरित्रात आहे, श्रोतेहो.

शाहू महाराज म्हणजे शंभुराजे आणि येसूबाईसाहेब यांचे चिरंजीव, शिवछत्रपतींचे नातू. त्यांचा जन्म १६८२ साली माणगावाजवळ गांगवली येथे झाला. १६८९ साली शंभुराजांची हत्या झाली, त्याच साली रायगड पडला आणि मायलेकरे औरंगजेबाच्या छावणीत कैदी झाली. सात वर्षांचे ते लेकरू! पुढची सतरा-अठरा वर्षे परक्याच्या पहाऱ्यात गेली. १७०७ साली बादशहा वारला, तेव्हा महाराज सुटले. पण मातोश्री ओलीस राहिल्या, त्या १७१९ साली परत आल्या. १७०८ साली साताऱ्यास राज्याभिषेक झाला खरा, पण त्याआधी सिंहासनासाठी आपल्याच माणसांशी झुंजावे लागले. आपले कोण आणि परके कोण, हे या राजाला पोथीतून शिकावे लागले नाही.

महाराजांना मुक्या जिवांची भारी हौस. चांगले घोडे, जातिवंत कुत्री, नाना तऱ्हेचे पक्षी ते जमवीत. शिकारीचाही नाद होता. आपल्या पंथाला हिंसा मान्य नाही, म्हणून त्याची भलावण करण्याचे कारण नाही. पण अशाच एका शिकारीत वाघ अंगावर येण्याच्या बेतात असताना त्यांचा कुत्रा खंड्या भुंकला, महाराज सावध झाले आणि प्राण वाचले, असे सांगतात.

जीव वाचविणाऱ्याला तुम्ही आम्ही काय देतो? चार दिवस गोडवे गातो आणि पाचव्या दिवशी विसरतो. महाराजांनी खंड्याला जहागीर लावून दिली, वर पालखीचा मान दिला! पुढे एकदा तर सरदार भेटीस आले असता भरदरबारात त्यांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवली आणि त्यानंतर आपण कधी पगडी घातली नाही.

ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ सालच्या आपल्या इतिहासात हा प्रकार बुद्धिभ्रंशात जमा केला आहे. असेल, उतारवयात महाराजांचे चित्त थाऱ्यावर नसेलही. पण जहागीर दिली ती कशापायी? उपकाराची जाण होती म्हणून ना? अहो, धर्मराजासमोर स्वर्गाचा रथ उभा होता, तरी सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून तो रथात चढेना. त्याला व्यासांनी वेडा म्हटले नाही, धर्म म्हटले.

आणि हा काही नुसता लहरी दाता नव्हे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांना देहू, येलवाडी आणि किन्हई ही गावे इनाम दिली ती याच शाहू महाराजांनी. पंढरीच्या वाटेवरील पालखीची ज्याने कदर केली, त्यानेच खंड्याला पालखी दिली. दोन्हीकडे मन एकच, ऋण न विसरणारे.

१५ डिसेंबर १७४९ रोजी महाराजांनी देह ठेवला. मुलूख, फौजा, दरबार, सारे गेले. माहुलीस तो दगडी खंड्या मात्र अजून धन्याजवळ आहे.

वारीच्या वाटेवर एखादे कुत्रे दिंडीमागे लागते आणि मुक्कामामागून मुक्काम चालत राहते. त्याला काठी दाखवू नका, माउली. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुणामागे धावले, ते आठवा आणि आपल्या भाकरीतला चतकोर त्याला घाला.