केनेडींची दुखरी पाठ

सन १९५४ चा उन्हाळा. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटचे अधिवेशन सुरू होते आणि मॅसॅच्युसेट्सचे ३७ वर्षांचे तरुण सिनेटर जॉन फिट्झगेराल्ड केनेडी कुबड्यांच्या आधाराने सभागृहात येत होते. कार्यालयापासून सभागृहापर्यंतचे अंतर पुन्हा चालायला नको, म्हणून एकदा आल्यावर ते बराच वेळ तिथेच बसून राहत. जॅकलीन बूव्हिए यांच्याशी त्यांचा विवाह होऊन जेमतेम वर्ष होत होते. छायाचित्रांतून जगाला दिसत होता हसरा, देखणा आणि नौकाविहारात रमणारा केनेडी. खाली पडलेला कागद उचलण्यासाठी वाकणेही ज्याला कठीण होते तो केनेडी घरच्या माणसांनी आणि डॉक्टरांनीच तेवढा पाहिला होता.

दुखणे नवे नव्हते. २९ मे १९१७ रोजी ब्रुकलाइन येथे जन्मलेले केनेडी नऊ भावंडांतील दुसरे. लहानपणापासून आजारांनी त्यांची पाठ सोडली नव्हती. हार्वर्डमध्ये फुटबॉल खेळताना कंबर दुखावल्याचे निमित्त झाले आणि पुढे ती कायमचीच धरली. १९४१ मध्ये लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत याच पाठीमुळे त्यांना नाकारण्यात आले. नौदलात त्यांची वर्णी लागली ती वडिलांच्या वजनामुळे. ज्या कारणासाठी इतरांनी सैन्यभरती टाळली असती, ते कारण लपवून हा धनिकपुत्र रणांगणावर गेला, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

२ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सॉलोमन बेटांजवळ ‘आमागिरी’ या जपानी विनाशिकेने त्यांच्या पीटी-१०९ या छोट्या युद्धनौकेचे दोन तुकडे केले. १३ जणांपैकी दोघे गेले. भाजलेल्या सहकाऱ्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी त्याला सुमारे चार तास ओढत पोहत राहिले आणि एका निर्जन बेटावर पोहोचले. या पराक्रमाने त्यांना पदक दिले, राजकारणासाठी पुण्याई दिली. आधीच कुरकुरणाऱ्या पाठीला मात्र तो धक्का सोसला नाही. २३ जून १९४४ रोजी बोस्टनमध्ये त्यांच्या कमरेच्या मणक्यांमधील चकतीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. चकती अपेक्षेइतकी सरकलेली नव्हतीच, असे शल्यविशारदांना आढळले. पहिले काही दिवस बरे गेले. पण रुग्ण उभा राहू लागला तसे पाठीचे स्नायू आखडू लागले आणि वेदना पुन्हा सुरू झाली. कंबरदुखीवर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या कित्येकांना हा अनुभव परिचयाचा वाटेल. चित्रात दोष दिसतो, तो काढला जातो, आणि दुखणे मात्र जागचे हलत नाही.

त्यातच १९४७ मध्ये लंडन येथे ॲडिसनच्या विकाराचे निदान झाले. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी या विकारात पुरेसा स्राव तयार करीत नाहीत. अंगावर ताण आला की शरीर कोलमडते. मायदेशी परतताना जहाजावर त्यांची अवस्था इतकी बिघडली की धर्मगुरूंनी अंतिम संस्कार केले. कॉर्टिसोनसारख्या नव्या औषधांनी ते तगले. परंतु याच औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि हाडेही ठिसूळ होऊ शकतात. केनेडींच्या मणक्यांची झीज औषधांमुळे झाली की मुळातच होती, याविषयी वैद्यकीय अभ्यासकांत आजही एकमत नाही.

अशा माणसाची पाठ उघडायची की नाही, हा १९५४ मधील प्रश्न होता. न्यूयॉर्कचे डॉ. फिलिप विल्सन यांनी कमरेचे मणके धातूची पट्टी बसवून एकमेकांना सांधण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. (मेक्सिकन चित्रकर्ती फ्रीडा काहलो हिच्या पाठीचा कणाही १९४६ मध्ये याच विल्सन यांनी सांधला होता. तिच्या यातनाही त्यानंतर संपल्या नाहीत.) शस्त्रक्रिया न केल्यास चालणे बंद होण्याची भीती, केल्यास जीव जाण्याची, अशी ही कोंडी होती. ॲडिसनच्या रुग्णाला एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसवणे तेव्हा जवळजवळ अशक्य मानले जाई. वडील जोसेफ केनेडी यांनी मुलाला परावृत्त करण्याचा खूप प्रयत्न केला. चाकांच्या खुर्चीत बसून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी देश चालवला, याची आठवण त्यांनी करून दिली. युद्धात त्यांचा थोरला मुलगा जो गेला होता, १९४८ मध्ये कॅथलीन ही मुलगी विमान अपघातात गेली होती. दुसराही मुलगा गमावण्याची त्यांची तयारी नव्हती.

मुलाचा हिशेब वेगळा होता. आयुष्यभर कुबड्यांवर राहण्यापेक्षा मृत्यूचा धोका पत्करणे त्यांना बरे वाटत होते. हा निर्णय धैर्याचा म्हणावा की उतावीळपणाचा? पाठदुखीने वर्षानुवर्षे पोळलेल्या माणसाचा विवेक निरोग्याच्या मापाने मोजता येत नाही, एवढे खरे. शिवाय त्यांच्या डोळ्यांसमोर व्हाइट हाउस होते, आणि पांगळा उमेदवार मतदार पुन्हा स्वीकारतील याची खात्री नव्हती. रूझवेल्ट यांनीसुद्धा आपले अपंगत्व लोकांच्या नजरेआड ठेवण्याची शिकस्त केली होतीच.

शरीराचे रसायन आटोक्यात आणण्यासाठी तारीख काही वेळा पुढे ढकलावी लागली. अखेर २१ ऑक्टोबर १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली; ती तीन तासांहून अधिक चालली. काही दिवसांतच जंतुसंसर्ग झाला आणि रुग्ण बेशुद्धीत गेला. पुन्हा एकदा धर्मगुरूंना पाचारण करण्यात आले. त्यातून केनेडी वाचले. पण जखम भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा पाठ उघडून बसवलेली पट्टी काढून टाकावी लागली. फ्लोरिडातील वडिलांच्या घरी ते पालथे पडून असत आणि त्या उघड्या जखमेची मलमपट्टी करायला जॅकलीन शिकल्या. पुढे वैद्यकीय नियतकालिकात ॲडिसनच्या रुग्णांवरील शस्त्रक्रियांविषयी एक लेख आला. त्यात ३७ वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत निनावी दिली होती. तो रुग्ण कोण, हे जगाला कळायला बरीच वर्षे जावी लागली.

या अंथरुणातच ‘प्रोफाइल्स इन करेज’ आकाराला आले. लोकमताचा रोष पत्करून विवेकाला जागलेल्या आठ सिनेटरांच्या या चरित्रकथांना १९५७ चे पुलित्झर पारितोषिक लाभले. लेखनाचा मोठा वाटा सहायक टेड सोरेन्सन यांचा होता, हे आता लपलेले नाही. योगायोग असा, की २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने जोसेफ मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला, तेव्हा केनेडी रुग्णालयात होते. मॅकार्थी हे त्यांच्या वडिलांचे स्नेही. खाटेवरूनही आपले मत नोंदवण्याची सोय होती. ती त्यांनी वापरली नाही. आजारपण खरे होते आणि सोयीचेही होते. उदारमतवाद्यांनी त्यांना यासाठी दीर्घकाळ क्षमा केली नाही.

मे १९५५ मध्ये केनेडी सिनेटमध्ये परतले ते कुबड्यांशिवाय. वेदना मात्र बरोबरच होती. त्याच महिन्यात ते न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याकडे गेले. आखडलेल्या स्नायूंत प्रोकेनची इंजेक्शने द्यावीत, डाव्या पायाच्या बुटात टाच उंच करावी, बसायला झुलती खुर्ची घ्यावी, असा हा उपचार. ती खुर्ची पुढे अध्यक्षांची ओळखच ठरली. विमानातूनसुद्धा ती त्यांच्यासोबत जाई. आरामाचे प्रतीक म्हणून लोक जिच्याकडे पाहत, ती वास्तविक औषधाचा भाग होती. सप्टेंबर १९५७ मध्ये पाठीतील गळू कापण्यासाठी चौथ्यांदा शस्त्रक्रिया झाली. १९६० च्या प्रचारात प्रतिस्पर्ध्यांनी ॲडिसनचा विषय काढला, तेव्हा केनेडींच्या गोटाने शब्दांची कसरत करीत तो फेटाळला. मतदारांची ही फसवणूकच होती.

अध्यक्ष झाल्यावर मे १९६१ मध्ये ओटावा येथे वृक्षारोपण करताना फावडे उचलण्याचे निमित्त झाले आणि पाठ पुन्हा गेली. जून महिन्यात व्हिएन्नात ख्रुश्चेव्ह यांच्याशी वाटाघाटी करताना ते वेदनेत होते. ट्रॅव्हेलबाईंची इंजेक्शने वाढत चालली होती. त्यातच मॅक्स जेकबसन नावाच्या डॉक्टरची उत्तेजकमिश्रित टोचणीही चालू होती. ही अवस्था नौदलाचे वैद्य जॉर्ज बर्कली यांना धोक्याची वाटू लागली आणि ऑक्टोबरमध्ये डॉ. हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले.

क्राउस मूळचे ऑस्ट्रियन, अट्टल गिर्यारोहक. अमेरिकी मुलांचे स्नायू युरोपीय मुलांपेक्षा दुबळे असल्याचे त्यांच्या चाचण्यांनी दाखवले होते आणि त्यावरून अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५६ मध्ये तरुणांच्या सुदृढतेसाठी परिषद नेमली होती. अध्यक्षांच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू अत्यंत अशक्त व ताठर झाले आहेत, असे निदान त्यांनी केले. सुई बंद, व्यायाम सुरू. आठवड्यातून तीनदा व्हाइट हाउसमध्ये ताण देण्याचे आणि उचलण्याचे व्यायाम, जोडीला गरम पाण्याच्या तलावात पोहणे. काही महिन्यांतच फरक दिसू लागला. चार शस्त्रक्रियांना जे साधले नव्हते ते या कंटाळवाण्या कवायतीने बरेचसे साधले. १९४४ मध्येच कोणी क्राउस भेटला असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. अर्थात तेव्हाच्या वैद्यकाला चकती नुकतीच सापडली होती आणि सारे लक्ष तिच्यावरच होते.

सुधारणा झाली तरी पाठीचा पट्टा पूर्णपणे सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लासमध्ये उघड्या मोटारीतून जाताना केनेडींनी तो घट्ट बांधला होता, वर लवचीक पट्टीचे वेढेही होते. पहिली गोळी लागल्यावर याच पट्ट्याने त्यांना ताठ बसवून ठेवले आणि म्हणून दुसरी गोळी डोक्यात बसली, असा तर्क काही डॉक्टरांनी मांडला आहे. तो सर्वांना मान्य नाही. पार्कलँड रुग्णालयात त्यांच्या अंगावरील कपडे कापून काढले गेले, तेव्हा पट्टा कमरेला तसाच आवळलेला होता.