गरम कुंड, गार तानसा

भिवंडीच्या लूमच्या खडखडाटातून सुटून आम्ही हॉस्टेलवाले रविवारी गणेशपुरी गाठतो ते गरम कुंडांसाठी. तिथल्या नित्यानंद स्वामींबद्दल मात्र मी फार उशिरा वाचलं. केरळात वाढलेले हे साधू कान्हंगडच्या गुहा सोडून १९३० च्या दशकात वज्रेश्वरीला आले, मग गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळाशेजारी राहिले. अंगावर लंगोटी, बोलणं मोजकं. तेव्हा इथं सगळं रानच. कुंडं त्यांनी नीट करून घेतली, आदिवासी पोरांना जेवण सुरू केलं. दर्शनाला आलेल्याला आधी कुंडात आंघोळीला पाठवत. (चमत्कारांचं मी सोडून देतो.) ८ ऑगस्ट १९६१ ला ते गेले.

यंदा माझे अण्णा आले. अँजिओप्लास्टी झालेली, तरी कुंडातून थेट तानसेत बुडी मारायचा हट्ट! गरम पाण्यानं रक्तवाहिन्या पसरतात, गारठ्यानं झटक्यात आकसतात. आपल्याला तरतरी येते हो, पण रक्तदाब एकदम चढतो, हृदयावर ताण येतो. चक्क भांडलो. शेवटी पायरीवर बसून त्यांनी नुसते पाय सोडले. गुडघे मोकळे झाले म्हणाले, पण परतीच्या एसटीत माझ्याशी बोलले नाहीत.