राजाही नियमाखाली : सर टी. माधवराव

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले म्हणजे ओरत्तनाडु लागते. तेथे दुसरे सरफोजी महाराज यांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र आजही उभे आहे. रामेश्वराच्या यात्रेकरूंना व वाटसरूंना तेथे अन्न आणि निवारा मिळे. मुलांना शिकविण्याचीही सोय होती. ज्या मिशनरी श्वार्ट्झ यांनी पित्याप्रमाणे आपला सांभाळ केला त्यांचे ऋण सरफोजी कधी विसरले नाहीत, आणि जवळच्या कन्नंदंगुडी येथे गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची व्यवस्था त्यांनी केली. मात्र हे सारे करणाऱ्या राजाच्या हाती राज्य नव्हते. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता आणि महाराजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती. पुढे १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी महाराज वारसावाचून निवर्तले आणि तेवढेही नाव पुसले गेले.

सत्ता गमावलेला राजा दानधर्म करू शकतो, हे ओरत्तनाडुला दिसते. पण ज्याच्या हाती पूर्ण सत्ता आहे त्याला बांधावयाचे कोणी व कशाने? हा प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी बाळगला ते माधवराव ह्याच तंजावर मुलखातील मराठी वसाहतीचे पुत्र होत.

त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल साहेबांच्या हाताखाली माधवराव गणितात चमकले, काही काळ तेथेच शिकविले, अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी केली आणि १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. वयाची तिशी गाठण्यापूर्वीच दिवाणगिरीची सूत्रे त्यांच्याकडे आली.

सूत्रे हाती घेताच जे पुढे उभे राहिले ते आपल्या वाचकांच्या जवळचे आहे. दक्षिण त्रावणकोरातील नाडार स्त्रियांना, ज्यांना त्या काळच्या कागदपत्रांत शाणार म्हटले आहे, छातीवर वस्त्र घेण्याची मनाई होती. वरिष्ठ जातींपुढे अंग उघडे ठेवणे हा आदराचा रिवाज मानला जाई. नागरकोविल भागात मिशनच्या शाळांतून शिकलेल्या ख्रिस्ती स्त्रियांनी हा रिवाज मानावयाचे नाकारले. १८१४ व १८२९ च्या हुकुमांनी त्यांना कुडते घालण्याची मुभा दिली, परंतु उपरणे नाही. १८५८ च्या अखेरीस दंगे उसळले. बाजारात स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली, प्रार्थनामंदिरे व शाळा जाळल्या गेल्या.

तरुण दिवाणांनी त्या वेळी काय केले? त्यांचे चरित्र सांगताना ही बाजू अनेकदा वगळली जाते; ती वगळू नये. त्यांनी प्रथम जो जाहीरनामा काढला त्यात एकीकडे वरिष्ठ जातींना कायदा हाती न घेण्याची ताकीद होती, तर दुसरीकडे नाडारांना जुन्या रिवाजाबाहेर न जाण्याची. अन्याय करणारा व अन्याय सोसणारा ह्यांना एकाच मापाने तोलणारी ही तटस्थता होती. अखेर मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांचा दबाव आला आणि २६ जुलै १८५९ रोजी महाराजांच्या नावाने नवा हुकूम निघाला. नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली. मात्र वरिष्ठ जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेण्याची नाही.

शास्त्राचे भाषांतर करताना मिश्पाट ह्या इब्री शब्दापाशी मला वारंवार अडखळावे लागले आहे. त्याचा अर्थ कोठे न्याय, कोठे निवाडा, तर कोठे एखाद्याचा हक्क असा होतो. त्रावणकोरने त्या स्त्रियांना निवाडा दिला. हक्क दिला नाही. राजाच्या कृपेने मिळालेल्या सवलतीला कड असते, आणि ती कोठे कापावयाची हे राजाच ठरवितो.

ह्याच काळात अमेरिकेकडे पाहिले तर उलटे चित्र दिसते. तेथे १७८७ मध्येच राज्यघटना लिहिली गेली. कायदे करणारे, राबविणारे आणि न्याय देणारे असे तीन हात एकमेकांपासून वेगळे करण्यात आले. तरीही त्याच घटनेच्या छायेत माणसांची खरेदी-विक्री चालू राहिली आणि गुलामगिरी संपावयास १८६५ साल व एक भीषण यादवी लागली. त्रावणकोरने गुलामगिरी १८५५ मध्येच रद्द केली होती, पण ती राजाच्या एका हुकुमाने. एका देशात चौकट होती आणि माणूस बाहेर राहिला. दुसऱ्यात माणसाला थोडे आत घेतले, पण चौकटच नव्हती.

माधवरावांच्या पुढील कारभाराचा कल चौकट बांधण्याकडे आहे. मिरी व तंबाखूचे सरकारी मक्ते उठले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली. जमीन विकण्याचा व वारसांना देण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला. राज्याचे कर्ज फिटले. १८७२ मध्ये ते त्रावणकोर सोडून निघाले आणि पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांचे दिवाण म्हणून इंदुरास आले. ह्याच सुमारास त्यांनी देशी संस्थानांसाठी एका राज्यघटनेचा मसुदा तयार केला. राजाने आपल्या लहरीने नव्हे, तर ठरलेल्या कायद्याने राज्य करावे, हा त्याचा गाभा. तो अमलात आला नाही. असा मसुदा एका पगारी दिवाणाने राजेलोकांसाठी लिहावा, ह्यातील धैर्य मात्र कमी लेखण्याजोगे नाही.

कायद्यावाचून राज्य म्हणजे काय हे त्यांना बडोद्यास दिसले. तेथे खंडेराव महाराजांनी आपला भाऊ मल्हारराव ह्याला पादऱ्यास बंदीत ठेवले होते. १८७० मध्ये खंडेराव वारले, बंदीवान गादीवर बसला, आणि त्याच्या अमदानीत इतरांवर तीच पाळी आली. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक लहान मुलगा दत्तक घेऊन सयाजीराव म्हणून गादीवर बसविण्यात आला आणि कारभार माधवरावांकडे सोपविला गेला. सात वर्षांत त्यांनी जमाखर्च, वसुली व न्यायालये ह्यांची घडी बसविली.

पण त्यांचे खरे काम, माझ्या मते, १८८१ मधील व्याख्याने होत. सयाजीरावांना अधिकार मिळण्यापूर्वी माधवरावांनी त्यांना राज्यकारभाराचे धडे दिले. ते पुढे पुस्तकरूपाने छापले गेले. न्यायाधीशाच्या कामात राजाने ढवळाढवळ करू नये, राजवाड्याचा खर्च राज्याच्या तिजोरीपासून वेगळा व ठरलेला असावा, कायद्यावाचून कोणाला शिक्षा होऊ नये, हे त्यांतील मुद्दे. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलाच्या राजाला गादीवर बसताच नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी उतरून घ्यावयास व ती जन्मभर वाचावयास सांगितले आहे. अठरा वर्षांच्या सयाजीरावांपुढे माधवरावांनी जवळजवळ तेच ठेवले.

१८८२ मध्ये ते निवृत्त होऊन मद्रासला गेले. १८८७ च्या तेथील काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे.

त्यांच्या शिष्याने बडोद्यात न्यायखाते व कारभारखाते एकमेकांपासून वेगळे केले, सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडे आले. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून अलग ठेवावी असे सांगणारे त्या घटनेतील कलम पन्नासावे आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे.