वृक्षांना आप्त मानणारे संतश्रेष्ठ श्री तुकाराम महाराज

निलंगा येथील प्राचीन श्री नीलकंठेश्वराच्या दर्शनास येणारा भाविक हाती बेलपत्र घेऊन येतो. हरी आणि हर यांत भेद नाही, ही वारकरी संतांची शिकवण होय. त्यामुळे शिवास प्रिय असणारा बेल आणि विठ्ठलास प्रिय असणारी तुळस यांना मराठवाड्यात सारखाच मान आहे. वृक्ष आणि भक्ती यांचे हे नाते ज्यांच्या अभंगाने घरोघरी पोहोचविले, त्या जगद्गुरू तुकाराम महाराजांचे अल्पचरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे दिले आहे.

महाराजांचा जन्म इंद्रायणीकाठच्या देहू गावी, प्रचलित मतानुसार शके १५३० मध्ये, वसंतपंचमीच्या दिवशी झाला. पिता बोल्होबा, माता कनकाई, थोरले बंधू सावजी व धाकटे कान्होबा असा परिवार होता. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घराण्यात पंढरीची वारी चालत आली होती. घरी शेती, दुकान, सावकारी आणि गावची महाजनकी असल्याने कशाचीही उणीव नव्हती.

हे सौख्य फार काळ टिकले नाही. माता-पित्यांचे छत्र हरपले. पत्नीच्या निधनानंतर सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. त्यातच सन १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. माणसे अन्नावाचून व गुरे चाऱ्यावाचून मेली. महाराजांचा व्यापार बुडाला, प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नान्नदशेत निवर्तल्या आणि पुत्र संतोबाही गेला. ऐन तारुण्यात हा पुरुष सर्वस्वाला मुकला.

या दुःखातून महाराज भामचंद्र डोंगरावर चिंतनास बसले. परतल्यावर त्यांनी सावकारीची कर्जखते काढली. निम्मी कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या या सावकाराने आपल्या वाट्याच्या ऋणकोंना ऋणमुक्त केले. पुढे भंडारा डोंगर हे त्यांचे नित्याचे साधनास्थान झाले.

महाराजांचा सर्वश्रुत वृक्षांचा अभंग याच एकांतवासाचे चित्र डोळ्यांपुढे उभे करतो. ज्याचे रक्ताचे आप्त काळाने नेले, त्याने या अभंगात रानातील झाडे, वेली आणि वनचरे यांनाच आपले गणगोत म्हटले आहे. पक्ष्यांचे गोड सूर त्याच्या सोबतीला आहेत, डोक्यावर आकाशाचा मांडव आहे आणि बसावयास पृथ्वीचे आसन आहे. अशा ठिकाणी हरिकथा हेच भोजन होते आणि साधकाचा संवाद स्वतःच्या मनाशी चालतो. कीर्तनात हा अभंग गाताना त्यामागील दुष्काळाचे स्मरण ठेवले, तर त्याचा अर्थ अधिक खोल जातो.

महाराजांच्या अभंगरचनेस विरोधही झाला. शूद्राने धर्म सांगू नये, या आक्षेपामुळे त्यांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांच्या अनुष्ठानानंतर त्या वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. विरोध करणारे रामेश्वर भट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले. मराठवाड्यातील देवगाव येथे जन्मलेल्या व शिऊर येथे समाधिस्थ झालेल्या संत बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीनेही महाराजांना गुरू मानले आणि देहूस येऊन त्यांचे कीर्तन श्रवण केले.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे सन १६५० मध्ये महाराजांचे वैकुंठगमन झाले. हाच दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. या दिवशी देहू येथील नांदुरकीचा वृक्ष दुपारी बारा वाजता थरथरतो, अशी श्रद्धा असून त्या वेळी वृक्षावर फुले उधळण्यासाठी लाखो वारकरी तेथे जमतात.

लातूर जिल्ह्यास दुष्काळ नवा नाही. सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जिल्ह्यात वनांचे प्रमाणही अत्यल्प आहे. अशा भूमीत महाराजांचा तो अभंग मुखाने गाणाऱ्यावर एक जबाबदारी येते. आप्त म्हटले की त्याच्या अडीअडचणीस धावून जावे लागते. भाविकांनी आपल्या दारी, शेताच्या बांधावर अथवा गावच्या देवळापाशी बेल, वड, पिंपळ किंवा कडुनिंबाचे एक तरी रोप लावावे आणि निदान तीन उन्हाळे त्यास पाणी घालून जगवावे. महाराजांच्या चरणी रुजू होणारी ती खरी सेवा ठरेल.